आवाजाशिवायची मारामारी

ती डीव्हीडी माझ्या भावाकडून आली. उमरग्याला हायवेच्या कडेला त्याचं सीडीचं दुकान होतं. आधी ट्रकवाले गाडी थांबवून गाण्यांच्या सीड्या न्यायचे. मग ते मोबाईलमध्येच गाणी भरून घ्यायला लागले, आणि भावानं दुकानात मोबाईलची कव्हरं टांगली. मी भाऊबीजेला गेले तेव्हा जुना माल तो येईल त्या पाहुण्याला देऊन टाकत होता. मला एक प्लेअर दिला आणि माझ्या मुलीसाठी ही एक डिस्क.

“अक्का, ही ओरिजनल हाय बरं का. एका डिस्कवर सहा पिक्चरवाली न्हाय. पिक्चर संपल्यावर बी हिच्यात लई काय काय हाय.”

“संपल्यावर काय असतंय?”

“पिक्चर कसा बनवला ते दाखवतेत. बघत कुणीच न्हाय.”

मुलगी तेव्हा साडेतीन वर्षांची होत आली होती आणि बोलत नव्हती. ‘मा’ म्हणायची, ‘आ’ म्हणायची, हवं ते बोटानं दाखवायची. बाकी दात येणं, रांगणं, चालणं सगळं वेळेवर झालं होतं. मी अंगणवाडी सेविका. गावातल्या सगळ्या लहान पोरांचं वजन आणि उंची माझ्या रजिस्टरमध्ये असते, तशी तिचीही होती. तिचं वजन कधी हिरव्या पट्ट्याच्या खाली गेलं नाही. बोलण्याचा रकाना रजिस्टरला नव्हता. असता तरी तिच्यापुढं मी काय लिहिलं असतं, हे आज खात्रीनं सांगता येत नाही.

सासूबाईंकडं उत्तर तयार होतं. “तिचा बाप पाच वर्साचा होईस्तोवर बोलला न्हाय. आता गप बस म्हटलं तरी बसतो का?”

आमचं गाव तेरखेड्यापासून जवळ. माझा नवरा तिकडच्याच एका फटाक्याच्या कारखान्यात पॅकिंगला होता. आमच्या आळीत अर्ध्याहून जास्त घरांतलं कुणी ना कुणी त्या कामात होतं. त्यामुळं मूल ऐकतं की नाही हे बघायची आमच्याकडची रीतही तशीच. दुसरीकडं पोराच्या मागं ताट वाजवतात, आम्ही फटाका लावतो. पोर दचकलं की झालं. मुलीच्या बाबतीत हे दोनदा करून झालं होतं. दुसऱ्यांदा त्याच दिवाळीच्या आधी. ती अंगणात मातीत खेळत होती, नवऱ्यानं तिच्या मागं दहा पावलांवर सुतळी बाँब लावला. ती अशी उडाली की हातातली वाटी लांब जाऊन पडली, आणि रडत येऊन माझ्या पायांना बिलगली.

“बघ,” नवरा म्हणाला, “कान एकदम टकाटक. उगं मनात आणत जाऊ नको.”

मी मनात आणणं सोडलं. मला तेच हवं होतं.

आमच्या घरात कुणाला काही वेगळं वाटू नये अशीच सगळी परिस्थिती होती. नवऱ्याला कामामुळं थोडं कमी ऐकू यायचं, म्हणून टीव्ही मोठ्यानं. सासूबाईंची शेरडं होती, दिवसभर माळावर हाका मारून त्यांचा आवाज तसाच झालेला, त्या घरात मीठ मागितलं तरी शेजारणीला ऐकू जायचं. मीही दिवसभर पोरांच्या गलक्यात. कुणाला बोलवायचं तर आम्ही नुसती हाक मारत नसू, जाऊन खांदा हलवत असू. मुलीलाही तसंच.

तर पिक्चर. जपान की चीन, कुठल्या तरी तिकडच्या गावात साळिंदरांचं एक कुटुंब असतं. छत्र्या दुरुस्त करायचं दुकान. आजोबा पूर्वीचा मोठा कराटेवाला, बाप भित्रा, आई तापट, आणि तीन पोरं. शिंक आली की त्यांचे काटे सुटतात आणि कुणाला तरी टोचतात. लांडगे गाव लुटायला येतात, तेव्हा हे घरातलेच आधी आपसात भांडतात, ताटल्या, पळ्या, छत्र्या घेऊन. सगळा हिंदीत. मुलीला तो इतका आवडला की दुपारी लाईट असली की ती प्लेअरपाशी जाऊन बसायची. मारामारीच्या आधीच तिचे हात तयार. बाप छपरावरून पडायच्या आधी तोंडावर हात ठेवून हसायची. मधल्या पोराची लाथ तिनं इतकी हुबेहूब उचलली की आळीतल्या बाया तिला करून दाखवायला सांगायच्या. तिला मुकी म्हणणारी शेजारीणसुद्धा म्हणाली, “पोरगी लई हुशार हाय गं, नेमकं हसायच्या जागी हसती.”

मीही तेच सांगत फिरले. हसायच्या जागी हसते म्हणजे समजतं, समजतं म्हणजे ऐकू येतं. या हिशेबात काय चुकलं ते मला कळलं नाही. तो पिक्चर असा होता की त्यातलं प्रत्येक हसू डोळ्यांना दिसत होतं.

संक्रांतीनंतर एकदा अंगणवाडीत खिचडी वाढताना मदतनीस मावशी मला हळूच म्हणाल्या, “बाई, राग येऊ देऊ नका. पोरगी हाकेला वळत न्हाय. म्या तीनदा हाक मारली, चौथ्यांदा हात लावला तवा बघितलं.”

“खेळात असती ती.”

“खेळात सगळीच असतेत. बाकीची वळली.”

“तुम्ही पातेलं घासायला घ्या, मावशी,” मी म्हणाले. माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठी बाई. ती पातेलं घेऊन नळावर गेली. पुढं ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि तिनं बोलू नये असंच मी वागत राहिले.

पिक्चर संपल्यावरचं ते बाकीचं लागलं ते चुकून. होळीच्या आसपासची दुपार होती. पिक्चर संपला, मुलगी पुन्हा लाव म्हणून रिमोट माझ्या हातात कोंबत होती. माझ्या मांडीवर मासिक अहवालाचे कागद. मी न बघता बटण दाबलं आणि भलतंच सुरू झालं. टोपी घातलेला एक माणूस खुर्चीत बसून इंग्रजीत बोलत होता. मग कागदावर पेन्सिलीनं काढलेली साळिंदरं. मग एका मोठ्या खोलीत एक खराखुरा कराटेवाला लाथा मारतोय आणि चित्रं काढणारे बसून बघताहेत. मुलगी खुश झाली, म्हणून मी ते राहू दिलं. मला ते इंग्रजी कळत नव्हतं. तिला कळत नाही हे मी धरूनच चालले होते. त्या बाबतीत आम्ही दोघी सारख्याच, म्हणून मी कागद बाजूला ठेवून नुसतं बघत बसले.

पुढं आवाजाचं आलं. एक बाई एका खोलीत कोबीचे गड्डे, ओले टॉवेल, चामड्याच्या पिशव्या, जुनी भांडी घेऊन बसली होती. समोरच्या पडद्यावर साळिंदरांची मारामारी चालू, आणि ती कोबीवर गुद्दे मारून, टॉवेल फरशीवर आपटून तिचा आवाज तयार करत होती. ते मला आवडलं. काम करणारी बाई दिसत होती, बाह्या वर सारून. मग त्यांनी फरक कळावा म्हणून घरातल्या भांडणाचा तोच तुकडा दोन तऱ्हांनी दाखवला. आधी नुसतं चित्र, आवाज अजिबात नाही. ताटल्या फुटताहेत, आजोबा भिंतीवर आदळतोय, सगळं मुकं. बघायला मजाच येईना. काहीतरी बिघडल्यासारखं वाटत होतं.

मुलगी हसत होती. रोज हसायची तशीच, त्याच जागांवर, तितकीच.

मी तिच्याकडं बघितलं. अजून मला काही कळलं नव्हतं, फक्त बरं वाटत नव्हतं.

मग त्यांनी उलटं केलं. पडदा काळा आणि नुसता आवाज. ताटल्या, आरडाओरडा, शिंका, छत्री फाटल्याचा चरचराट. मला डोळ्यांपुढं सगळं दिसलं. मुलगी उठली, टीव्हीपाशी गेली, आणि बंद पडला म्हणून मागची वायर हलवायला लागली. मग माझ्याकडं वळून दोन्ही हात पसरले. गेला.

टीव्ही तिच्या कानापासून वीतभर अंतरावर ओरडत होता.

मी रिमोटनं मागं घेतलं. पुन्हा लावलं. काळा पडदा आला की ती वायर हलवायला लागायची. मी आवाज वाढवला. शेवटपर्यंत वाढवला. बाहेरून सासूबाईंनी विचारलं, “अगं, काय पाडलंस?” मुलीनं टीव्हीवर हात ठेवला आणि त्या थरथरीनं तिला गंमत वाटली, ती हसली. तिनं दोन्ही तळवे लावले. मग गालही लावला.

हे मी सहा वेळा केलं. सहाव्या वेळी माझ्या मनाची समजूत घालायला काही शिल्लक उरलं नव्हतं.

नवरा संध्याकाळी घरी आला तेव्हा मी त्याला आणि सासूबाईंना समोर बसवून तेच करून दाखवलं. काळा पडदा, पूर्ण आवाज, मुलगी वायरीपाशी. नवरा उठून बाहेर गेला, आणि अंगणात सुतळी बाँब लावून आला. मुलगी दचकली.

“ही बघ,” तो म्हणाला. आवाज चढलेला. “हे काय हाय मग?”

“मला ठावं न्हाय.”

“टीव्हीचा तिला कंटाळा आला आसंल. एकच पिक्चर किती दिस बघायचा?”

“फटाक्याला दचकती ती बहिरी कशी आसंल?” सासूबाई म्हणाल्या. “आगं, शेरडं बी दचकतेत, मग ती काय बहिरी हायती का?”

“आत्या, म्या बहिरी म्हणले का? म्या डाक्टरला दावू म्हणले.”

“दावलं की डाक्टर मागं लागतेत. मग सगळ्या गावाला कळतंय. उद्या पोरगी द्यायची हाय आपल्याला.”

“पोरगी साडेतीन वर्साची हाय.”

“ती काय तेवढीच ऱ्हानार हाय व्हय?”

नवऱ्यानं खिशातून दुसरा फटाका काढला. मी त्याचा हात धरला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, मी त्याच्यासमोर असा हात पुढं केला नव्हता. त्यानं फटाका परत खिशात घातला.

दोन दिवसांनी मी माहेरी जाते सांगून उमरग्याला गेले. तिथं दवाखाने भरपूर. भावानं कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी आधी कानात दिवा घालून बघितलं, मग तिच्या मागं उभं राहून खुळखुळा वाजवला, घंटी वाजवली, टाळी वाजवली. ती माझ्या बांगड्या मोजत राहिली. मी आधीच सांगितलं, “साहेब, फटाक्याला दचकते.”

“किती मोठ्या?”

“सुतळी.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “बाई, त्या आवाजाचा धक्का अंगावर बसतो. छातीत बसतो. जवळजवळ काहीच ऐकू न येणारं मूलही दचकेल. त्यावरून कानाचं काही ठरत नाही. तुमच्याकडं सगळे असंच बघतात का?”

“व्हय.”

“तुम्ही काय करता?”

“घरीच असते,” मी म्हणाले. भाऊ माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं बघितलं नाही. दहा वर्षं गावातल्या प्रत्येक आईला पोराकडं कसं लक्ष द्यायचं ते शिकवणारी बाई मी, आणि मला ते त्या खुर्चीत बसून सांगता आलं नाही. खोटं बोलल्याचं वाईट वाटायला मला पुढं वेळ मिळाला. तेव्हा फक्त तिथून बाहेर पडायचं होतं.

त्यांनी सोलापूरला पाठवलं. तिथं मुलीला औषध देऊन झोपवलं, डोक्याला वायरी चिकटवल्या आणि झोपेतच तपासणी केली. ती झोपलेली, तोंड अर्धवट उघडं, आणि पडद्यावर रेषा सरळ जात होत्या. कुठं वर उठायला हव्या होत्या ते मला कुणी सांगितलं नव्हतं, पण त्या उठत नाहीत एवढं दिसत होतं. दोन्ही कान. जास्त प्रमाणात. जन्मापासून असावं. आधी कानाला मशीन लावून किती उपयोग होतो ते बघू, मग ऑपरेशनचं ठरवू, असं तिथल्या डॉक्टर म्हणाल्या. मी विचारलं, बोलेल का? त्या म्हणाल्या, “वर्षाची असताना आणली असती तर मी लगेच हो म्हटलं असतं. आता खूप काम करावं लागेल. आणि ते तुम्हालाच करावं लागेल.”

वर्षाची असताना तिच्या मागं पहिला फटाका लावला होता.

मशीन लावून घरी आणली तेव्हा पहिले आठ दिवस वाईट गेले. तिला सगळ्याचीच भीती. पातेल्यावर झाकण पडलं की किंचाळायची. शेरडू ओरडलं की माझ्या साडीत तोंड. मशीन काढून फेकायची, दोनदा ते दावणीतून शोधून आणलं. तिचा आवडता पिक्चर लावला तर पहिल्याच मारामारीला कान दाबून बाहेर पळाली. इतके दिवस ती जे बघत होती ते आणि हे एकच आहे, हे तिला पटेना.

सासूबाई रोज सकाळी तिची वेणी घालायच्या, त्या आता केस कानांवरून ओढून घ्यायला लागल्या. मशीन दिसू नये म्हणून. केसांखाली दबलं की ते शिट्टी वाजवायचं. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्या दिवशी कात्री घेतली आणि तिचे केस कानांच्या वर कापले.

“पोराचं केलंस का पोरीचं?” सासूबाई म्हणाल्या.

“कान उघडं पाहिजेत.”

“लोकं बघतेत गं.”

“बघू द्या. म्या उद्या अंगणवाडीत घेऊन चालले.”

मदतनीस मावशींनी तिला बघितलं, मशीन बघितलं, आणि तिच्यासाठी खिचडीचा घास काढून ठेवला. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी “असू द्या बाई” म्हटलं आणि कामाला लागल्या. मी आजवर मागितलेली ती सगळ्यात अपुरी माफी होती, पण त्याहून जास्त मला येत नव्हतं.

सोलापूरला बोलणं शिकवणाऱ्या एक बाई होत्या. महिन्यातून दोनदा त्यांच्याकडं, बाकीचे दिवस घरी मीच. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बोलायला लावलं, आणि मी बोलत असताना मुलीकडं बोट दाखवलं. ती माझ्या ओठांकडं टक लावून बघत होती.

“ती ऐकत नाहीये,” त्या म्हणाल्या. “बघतेय. हिला बघून सगळं भागवायची सवय आहे, आणि त्यात ती हुशार आहे. ही हुशारीच आता आड येणार. तुम्ही तोंड झाकून बोलायचं.”

“सारखं?”

“शिकवताना सारखं. तिला कानावर यावं लागेल. दुसरा रस्ता ठेवलात तर ती त्याच रस्त्यानं जाईल.”

अंगणवाडी सुटली की जेवण करून मी तिला समोर घेऊन बसायची. पदर नाकापर्यंत ओढायचा आणि बोलायचं. पाणी. भाकर. शेरडू. चप्पल. चार वस्तू पुढं ठेवलेल्या, जे म्हटलं ते तिनं उचलायचं. पहिल्या आठवड्यात तिला वाटलं मी लपाछपी खेळते, ती हसून पदर खाली ओढायची. मी पुन्हा वर घ्यायची. मग तिला कळलं की हा खेळ नाही. मग ती चिडायची. चावायची. पदर धरून लोंबायची. माझं तोंड दिसावं म्हणून खाली झोपून वर बघायची. मी मान वळवून पाठमोरी होऊन तोच शब्द म्हणायची.

सासूबाई चुलीपाशी बसून बघायच्या. एकदा म्हणाल्या, “आईनं लेकरापासनं तोंड लपवायचं, हे कुठलं शिक्षान?” नवरा त्या वेळेला घरी असला तर बाहेर जाऊन बसायचा. पण त्यानं अंगणात फटाका मात्र पुन्हा लावला नाही, आणि आळीतल्या दुसऱ्या कुणी पोराच्या मागं लावला तर त्यालाही ओरडायचा.

हे मी दहा महिने केलं. आता सांगताना दहा महिने हे नुसते दोन शब्द आहेत. रोज दुपारी एक तास, आणि त्या तासात माझी मुलगी माझा तिरस्कार करायची. मला दुसरा शब्द सुचत नाही. तास संपला की ती माझ्याकडं यायची नाही, आजीकडं जायची. वस्तू उचलायला लागली होती, चारातल्या तीन बरोबर यायच्या. तोंडातून मात्र ‘मा’ आणि ‘आ’. सोलापूरच्या बाई म्हणायच्या चालू ठेवा. मी चालू ठेवलं, कारण दुसरं काही करायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

माघातली एक दुपार. चार वस्तू मांडल्या, पदर वर घेतला आणि म्हटलं, “पाणी.” तिनं तांब्याला हात लावला नाही. मी पुन्हा म्हटलं, “पाणी.” तिनं माझ्या पदराकडं बघितलं. ओढला नाही. हात मांडीवरच होते. ती म्हणाली, “नको.”

स्पष्ट नव्हतं, ‘न’ नाकातच राहिलेला, ‘को’ अर्धाच, कुणी परक्यानं ऐकलं तर कळलंही नसतं. मला कळलं. सासूबाईंनाही कळलं, कारण त्यांचा हात पिठात थांबला.

“बोलली गं,” त्या म्हणाल्या. “आता तरी दाव की तोंड तिला.”

मुलगी माझ्याकडं बघत थांबली होती. तिनं मागितलं होतं, पहिल्यांदा शब्दानं मागितलं होतं, आणि ते द्यायचं की नाही हे माझ्या हातात होतं.

मी पदर खाली घेतला नाही. चप्पल पुढं सरकवली आणि पुढचा शब्द म्हटला.